टीएलपी : कर्नल अपडेटनंतर रुसलेल्या साटा पोर्टच्या कसोटीवर

लिनक्स लॅपटॉपची बॅटरी वाचवणारे टीएलपी हे मोफत साधन माझ्या जुन्या लॅपटॉपवर काही वर्षांपासून बसवलेले आहे. एकदा बसवले की विसरून जावे, अशीच त्याची ख्याती असल्यामुळे मीही ते विसरून गेलो होतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.८ वरून ६.९ वर गेल्यानंतर जे घडले, त्यामुळे त्याचे कॉन्फिगरेशन प्रथमच नीट वाचावे लागले. हे परीक्षण त्या वाचनातून आणि चार दिवसांच्या खटपटीतून उतरले आहे.

या लॅपटॉपमध्ये दोन डिस्क आहेत. मूळ जागी एक एसएसडी आहे आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून तेथे बसवलेल्या कॅडीत दुसरी, स्वस्तातली एसएसडी आहे, जिच्यावर घरचे फोटो आणि कामाच्या फायली असतात. अपडेटनंतर या दुसऱ्या डिस्कवरची फाईल उघडताच मधूनच सारे गोठू लागले. माऊस फिरत असे, पण फाईल मॅनेजर उत्तर देत नसे; मग साधारण अर्ध्या मिनिटाने, जणू काही झालेच नाही अशा थाटात, सगळे पुन्हा सुरू होई. कर्नलच्या लॉगमध्ये प्रत्येक वेळी एटीए २ या, म्हणजे दुसऱ्या डिस्कच्या, पोर्टची तक्रार दिसे : आधी ‘फ्रोझन’, पाठोपाठ ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ आणि शेवटी लिंक ६ गिगाबिट वेगाने जोडली गेल्याची ओळ. दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप दाखवला, तर न उघडताच ‘डिस्क गेली, बदला’ असा निकाल मिळाला. स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदीत, मात्र खराब सेक्टर नव्हते आणि केबल किंवा कनेक्टर सैल असल्यास जो आकडा वाढतो, तो १९९ क्रमांकाचा सीआरसी त्रुटींचा आकडाही जागचा हलला नव्हता. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूतून जुना ६.८ कर्नल निवडला, तर दिवसभरात एकदाही गोठणे नाही. तेव्हा डिस्क निर्दोष नसली तरी मेलेली नक्कीच नव्हती.

कारण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. साटा लिंकला, म्हणजे डिस्क आणि यंत्रातील कंट्रोलर यांच्यातील जोडणीला, काम नसते तेव्हा ती ‘पार्शल’ किंवा त्याहून गाढ अशा ‘स्लंबर’ अवस्थेत जाऊ शकते. पहिलीतून जागे होण्यास कमाल १० मायक्रोसेकंद, तर दुसरीतून १० मिलिसेकंद लागावेत, असे मानक सांगते. झोपण्याचा पुढाकार कंट्रोलरने घ्यायचा की डिस्कनेही घ्यायचा, हे धोरणावर ठरते. डिस्कलाही पुढाकार देणारे मधले धोरण कर्नल विकासक हान्स डी खुडे यांनी विंडोजवरील इंटेलच्या ड्रायव्हरची रीत समोर ठेवून कर्नलमध्ये आणले आणि २०१८ च्या फेडोरा २८ या लिनक्स वितरणाने ते इंटेलच्या लॅपटॉप चिपसेटवर मूळचेच चालू करून दिले. रिकाम्या लॅपटॉपवर त्यातून १ ते १.५ वॅट वाचतात, असे तेव्हा नोंदवले गेले. मे २०२४ मध्ये आलेल्या ६.९ कर्नलने हेच धोरण मूळ निवड म्हणून स्वीकारले आणि केवळ लॅपटॉपच्या चिपसेटपुरते असलेले त्याचे कुंपणही काढले. बहुसंख्य डिस्कना याने काहीच होत नाही. पण काही स्वस्त एसएसडी झोपेत जातात आणि वेळेवर उठत नाहीत. अशा डिस्कची यादी कर्नलमध्ये ठेवलेली असते आणि ६.९ नंतर तिच्यात भरही पडली. माझी डिस्क त्या यादीत नव्हती.

आता टीएलपीकडे वळतो. निदानासाठी हे साधन उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. ‘टीएलपी-स्टॅट’ ही आज्ञा डिस्कच्या पर्यायासह दिली की कोणत्या होस्टवर (साटा पोर्टचे कर्नलमधील दुसरे नाव) कोणते धोरण लागू आहे, हे एका पडद्यावर स्वच्छ दिसते. एरवी त्यासाठी कर्नलची स्थिती दाखवणाऱ्या सिसएफएसच्या फोल्डरांमध्ये एकेक फाईल उघडत बसावे लागते. कॉन्फिगरेशन फाईलमधील टिपा नेमक्या आहेत आणि सर्वांत कडक बचतीच्या धोरणामुळे डेटा गमावण्याचा धोका असल्याची सूचनाही दस्तऐवजांत स्पष्ट दिलेली आहे. चार्जरसाठी एक आणि बॅटरीसाठी दुसरे धोरण देता येते व वीज गेली की बदल आपोआप होतो.

पण मुख्य दुखण्यावर उपाय करताना हे साधन तोकडे पडले. एखादा पोर्ट वगळण्यासाठी टीएलपीत स्वतंत्र यादी आहे. मी तिच्यात ‘होस्ट २’ लिहिले आणि अर्धा दिवस वाया घालवला, कारण लॉगमधील एटीएची मोजणी १ पासून आणि होस्टची ० पासून सुरू होते. माझ्या यंत्रावर एटीए २ म्हणजे होस्ट १ होता. आकडा सुधारला, तरीही गोठणे थांबेना. पुन्हा ‘टीएलपी-स्टॅट’ पाहिल्यावर उलगडा झाला. वगळणे म्हणजे टीएलपीने त्या पोर्टला हात न लावणे, एवढाच त्या यादीचा अर्थ आहे. कर्नल स्वतः स्वस्थ बसत असे तेव्हा तेवढे पुरेसे होते. आता टीएलपीने सोडलेल्या पोर्टवर कर्नलचे तेच मधले धोरण कायम राहते. म्हणजे दार उघडे टाकून पाहुणा येणार नाही, अशी आशा धरण्यासारखे झाले. एकाच पोर्टला पूर्ण कार्यक्षमतेचे धोरण द्यावे, अशी सोय टीएलपीत नाही. द्यायचे तर सगळ्याच पोर्टना द्यावे लागते आणि मग निर्दोष डिस्कची बचतही जाते. शिवाय टीएलपीची सेवा बूटच्या ओघात पुढे सुरू होत असल्याने, त्रास सिस्टीम असलेल्या मूळ डिस्कलाच असेल तर तोवर उशीर झालेला असतो.

अखेर उपाय कर्नलच्याच दारात सापडला. ग्रबमधील लिबएटीए फोर्स या कर्नलच्या पर्यायात पोर्ट २ साठी ‘नोएलपीएम’ (लिंकची वीजबचत बंद) असे लिहिले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. बूटच्या लॉगमध्ये त्या डिस्कपुढे ‘एलपीएम सपोर्ट ब्रोकन, फोर्सिंग मॅक्स पॉवर’ ही ओळ उमटली आणि गोठणे थांबले. पहिली डिस्क मधल्याच धोरणावर सुखेनैव चालू आहे.

बॅटरी वाचवण्यासाठी टीएलपी मी आजही सुचवीन. मात्र ज्यांच्या डेस्कटॉपवर आधीच पॉवर प्रोफाइल्स डीमन हे वीज व्यवस्थापनाचे दुसरे साधन आहे, त्यांनी दोन्ही एकत्र ठेवू नयेत. बिघडलेल्या साटा पोर्टसाठी म्हणून कोणी ते मुद्दाम बसवणार असेल, तर त्याऐवजी कर्नलचा पर्याय थेट लिहावा. पाचपैकी चार तारे देतो. एक तारा पोर्ट वगळण्याच्या त्या यादीच्या नावासाठी कापला आहे. तिच्याशेजारी ‘कर्नलचे धोरण तसेच राहील’ एवढे चार शब्द असते, तर माझे दोन दिवस वाचले असते.