नाताळ श्रद्धेने करायचा की नुसता घरचा सण म्हणून? दोन्ही करून पाहिल्यावर

ज्या घरात एक माणूस मानणारा आणि एक न मानणारा असतो तिथे हा प्रश्न नोव्हेंबर उजाडला की हमखास निघतो. आमच्याकडे लग्नानंतर पहिल्याच वर्षी निघाला. मी चर्चला जाणाऱ्या घरात वाढलो, कॉलेजात असताना श्रद्धा हळूहळू सुटली, त्यात भांडण वगैरे काही नव्हतं, सुटली एवढंच. बायकोचे आईवडील दोघंही देव न मानणारे, त्यामुळे तिला चर्च म्हणजे बाहेरून बघायची इमारत. आम्ही चार वर्षं नाताळ धर्माशिवाय केला आणि गेली पाच वर्षं चर्चला जाऊन करतोय, दोन्हीचा अनुभव आहे म्हणून लिहावंसं वाटलं. झाड, दिवे, भेटवस्तू दोन्हीकडे सारख्याच, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी एक गैरसमज. धार्मिक माणसं नाताळ करतात आणि नास्तिक विरोध करतात असं सरळ चित्र कधीच नव्हतं. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 साली नाताळ बंद केला तो कट्टर धार्मिक प्युरिटन लोकांच्या जोरावर, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळला म्हणून पाच शिलिंग दंड होता. त्यांचं म्हणणं असं की बायबलमध्ये ही तारीखच नाही, मग हा सण आला कुठून? यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ, तेही आजही ह्याच धर्तीच्या कारणांनी नाताळ करत नाहीत. उलट चर्चची पायरी न चढणारी कितीतरी माणसं घरी झाड लावतात आणि मनापासून लावतात. तेव्हा तुम्ही काहीही ठरवलंत तरी तुमच्या बाजूला चांगली माणसं सापडतील, त्याची काळजी नको.

धर्माशिवायचा नाताळ आम्ही का निवडला तर प्रामाणिकपणासाठी. जे मानत नाही ते तोंडाने म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. आणि खरं सांगतो, त्यात मोकळेपणा खूप आहे. कोणालाही बोलावता येतं, कुठल्याही धर्माचा मित्र अवघडत नाही, सासूबाईंना उगीच अपराधी वाटत नाही, लहान मुलांना न कळणारे शब्द पाठ करावे लागत नाहीत. पहिल्या वर्षी 25 डिसेंबरला घर भरलं होतं आणि त्या रात्री मला वाटलं की झालं, उत्तर मिळालं.

पुढे जे झालं ते बारीक आहे पण माझ्यासाठी निकाल त्यानेच लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुसऱ्या वर्षी मेव्हण्याची 25 ला ड्यूटी होती. आपल्याला तारखेचं काय, असं म्हणून आम्ही 28 ला ठेवलं, आणि ते बरोबरच होतं, कारण आमच्या लेखी 25 मध्ये पवित्र असं काही नव्हतंच. पण 25 च्या संध्याकाळी आम्ही दोघं घरात नुसते बसून होतो, दिवे लावायचे की 28 लाच लावायचे हे ठरेना, आणि 28 ला सगळे आले तेव्हा ते एक छानसं जेवण झालं, सण झाला असं काही वाटलं नाही. तिसऱ्या वर्षी आधी 27, मग कोणीतरी आजारी म्हणून 2 जानेवारी, मग ऑफिसं सुरू झाली म्हणून पुढचा रविवार, आणि तो रविवार काही आलाच नाही. मार्चमध्ये हिवाळी कपडे वर ठेवताना कपाटात कागदात गुंडाळलेला भाच्याचा स्वेटर सापडला. वर चिठ्ठी तशीच चिकटवलेली, बायकोच्या अक्षरात त्याचं नाव. त्याला नेऊन दिला तर बाह्या मनगटाच्या वर दोन बोटं राहिल्या. तो काही बोलला नाही, खाली ओढून बघत राहिला. मला त्या बाह्यांचं जे वाईट वाटलं ते अजून आठवतं.

म्हणजे आमची अडचण अशी की जो सण आपण आपल्या सोयीने ठरवतो तो आपल्याच सोयीने पुढे जातो. दर वर्षी कोणीतरी एकाने तो नव्याने उभा करायचा, फोन करायचे, सगळ्यांच्या तारखा जुळवायच्या, आणि ती व्यक्ती थकली की त्या वर्षी सण नाही. आमच्या घरात ती व्यक्ती बायको होती आणि ती खरंच थकली होती. ह्याचा कोणी अभ्यास वगैरे केलाय का ते मला विचारू नका, हे आमच्या घरातलं सांगतोय, तुमच्याकडे माणसं जास्त शिस्तीची असतील तर कदाचित असं होणारही नाही.

चौथ्या वर्षी आम्ही मधला मार्ग काढला. तारीख कोणी हलवू शकणार नाही अशी हवी ना, मग सूर्याचीच घेऊ. उत्तर गोलार्धातला सगळ्यात लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला येतो, त्याच्यापुढे कोणाची ड्यूटी चालत नाही. इराणमध्ये ह्याच सुमाराची रात्र यल्दा म्हणून जागवतात, चीनमध्ये तोंगझ् म्हणून ह्या दिवशी घरची माणसं एकत्र येतात, तेव्हा कल्पना काही आमची एकट्याची नव्हे. सूर्य मावळला की एक मेणबत्ती लावायची आणि थोडा वेळ गप्प बसायचं असं ठरवलं. पण दिवस कामाचा होता, बायको साडेआठला घरी आली, मेणबत्ती तेव्हा लागली. ती शांतता चांगली होती, मी नाकारणार नाही. मग मी फोन हातात घेतला, कोणालातरी शुभेच्छा द्याव्यात म्हणून, आणि कोणाला देऊ हेच कळेना. आमच्या ओळखीत त्या संध्याकाळी हा दिवस पाळणारं दुसरं कोणी नव्हतं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर अन्याय होईल. धर्माशिवायचा सण टिकत नाही असं मी म्हणत नाहीये. सोव्हिएत रशियात नाताळच्या झाडावर टाच आली होती, 1935 मध्ये ते नवीन वर्षाचं झाड म्हणून परत आणलं आणि आज तिकडे नवं वर्ष हा घराघरातला केवढा मोठा सण आहे. अमेरिकेतल्या मानवतावादी, म्हणजे देवाशिवाय माणुसकी मानणाऱ्या, लोकांनी 2001 मध्ये ह्यूमनलाइट नावाचा सण सुरू केला, 23 डिसेंबर धरून. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, तारीख आधी बांधली आणि ती सगळ्यांची मिळून बांधली. एका घराने एकट्याने ते करणं फार जड जातं, निदान आम्हाला गेलं.

आता चर्चची बाजू. पाचव्या वर्षी आईने आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बोलावलं आणि आम्ही गेलो, दुसरं काही ठरलेलं नव्हतं म्हणून. नाताळाआधीचे चार रविवार, हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटते. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. असं पहिलं चक्र 1839 मध्ये हॅम्बुर्गच्या योहान विखर्न ह्यांनी अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर बनवलं, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, कधी, म्हणून त्यांना दिवस मोजता यावेत असं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की तिसऱ्या रविवारी बायकोने स्वतःहून विचारलं, आज गुलाबी ना? चार वर्षांत पहिल्यांदा डिसेंबर तिच्या डोक्यावर नव्हता. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, गाणी ठरलेली, आम्ही फक्त जाऊन पोचायचं. मेव्हण्याची त्या वर्षीही 25 ला ड्यूटी होती, तो 26 ला आला, पण नाताळ 25 लाच झाला आणि भाच्याची भेट 25 लाच पोचली.

कोणी म्हणेल ही तारीख तरी कुठे खरी आहे. खरंच नाहीये. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, जन्माची तारीख नाही, 25 डिसेंबरचा सगळ्यात जुना उल्लेख 354 सालच्या एका रोमन संकलनात सापडतो, रोमन लोक सर्वात लहान दिवसही परंपरेने 25 डिसेंबरलाच धरायचे, आणि रशियन चर्च जुन्या कॅलेंडरने जातं म्हणून त्यांचा नाताळ 7 जानेवारीला पडतो. माणसांनीच बांधलेली तारीख आहे. पण ती इतक्या लोकांनी इतकी वर्षं धरून ठेवलीय की माझ्या ऑफिसच्या रजेसाठी ती सरकत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

चर्चची अडचण लहान नाही. नाताळच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, सगळे उभं राहून आपली श्रद्धा मोठ्याने म्हणतात, आणि देव माणूस झाला ह्या ओळीला एरवी नुसती मान लववतात पण नाताळला गुडघे टेकतात. पहिल्या वर्षी मला ह्याचा विसर पडला होता. एकदम सगळीकडे कपड्यांची सळसळ झाली, बाकं करकरली आणि मी एकटा उभा. शेजारच्या आजींनी वर बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, पण मला वाटलं मी ह्यांच्या घरात चपला घालून आलोय. नंतर फादरना जाऊन सरळ सांगितलं की मी मानत नाही, येऊ का नको. ते म्हणाले, या, त्यावेळी बसून राहा, म्हणू नका. तेव्हापासून मी बसतो, मान खाली घालून, तोंडाने काही म्हणत नाही. बायकोही बसते. मुलगी आता चार वर्षांची आहे, तिला आम्ही सांगतो की आजी हे मानते, आम्ही मानत नाही आणि ही गोष्ट आपण सगळे मिळून ऐकतो. ती मोठी झाली की काय विचारेल माहीत नाही, ती काळजी आहे आणि ती खरी आहे.

तेव्हा ज्यांना चर्चमध्ये कधी दुखावलं गेलंय, किंवा जिथे न मानणाऱ्याला शांत बसू देणार नाहीत, त्यांनी जाऊ नये असंच मी म्हणेन, घरचाच करा. फक्त तारीख एकदाच ठरवा, ती कोणासाठीही हलवू नका आणि आणखी दोन घरं बरोबर घ्या, म्हणजे फोन करायला कोणीतरी असेल. बाकी ज्यांचं मन काठावर आहे, माझ्यासारखं, त्यांनी एक वर्ष चर्चला जाऊन बघायला हरकत नसावी. जाणार असाल तर फादरना आधीच विचारून ठेवा. आणि नुसतं 24 च्या रात्री जाऊ नका, चारही रविवार जा. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो, त्याच्या आत ठरवलंत तर बरं.