राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना: २० हजार मिळाले, पण अकरा महिन्यांनी

५ पैकी २ स्टार देतेय. ते दोन्ही स्टार या कामात भेटलेल्या दोन माणसांना, पद्धतीला द्यावा असं मला काही सापडलं नाही.

शेजारच्या वहिनींचे मिस्टर २०२३ च्या पावसाळ्यात गेले. वय ४३, दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते, ताप आला, अंगावर काढला, शेवटी जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेलं तर चौथ्या दिवशी सगळं संपलं. मागे वहिनी, दोन मुली आणि सासूबाई. तेराव्याला आलेल्या कुणीतरी सांगितलं की बीपीएलमध्ये नाव असेल तर सरकारकडून २० हजार मिळतात, तहसीलला चौकशी करा. वहिनी त्याआधी तहसीलची पायरी कधी चढल्या नव्हत्या म्हणून मी सोबत गेले, आणि एकदा गेले म्हणता म्हणता सगळ्या फेऱ्यांना मीच गेले.

आधी योजना काय आहे ते सांगते कारण आमच्याकडे निम्म्या लोकांना नावच माहीत नाही. ही केंद्राची आहे, १५ ऑगस्ट १९९५ ला राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू झाला त्यातलीच. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला की घरच्यांना एकरकमी मदत, मग मृत्यू आजाराने असो की अपघाताने. कमावता म्हणजे फक्त पुरुष नाही हं, केंद्राच्या नियमांत घर सांभाळणारी बाईसुद्धा कमावतीच धरलीय, त्यामुळे गृहिणी गेली तरी अर्ज करता येतो, आणि हे आमच्या गावात एकालाही माहीत नव्हतं. रक्कम आधी १० हजार होती, २०१२ साली २० केली, आणि त्यानंतर तिथेच थांबलीय. २०१२ मध्ये २० हजारात काय यायचं आणि आता काय येतं ते घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता अनुभव. तहसीलमध्ये गेल्यावर संजय गांधी शाखा विचारायची, निराधारचे अर्ज घेतात तेच टेबल. तिथून कागदांची यादी मिळाली: मृत्यूचा दाखला, बीपीएलचा दाखला, रेशनकार्ड, दोघांचे आधार, मयताच्या वयाचा पुरावा, रहिवासी, पासबुकची झेरॉक्स, फोटो आणि तलाठ्याचा अहवाल. यादी एका दमात वाचून होते, पण गोळा करताना काय होतं ते बघा. माणूस जिथे गेला तिथे मृत्यूची नोंद होते, आमच्या ग्रामपंचायतीत नाही, म्हणजे दाखल्यासाठी परत जिल्ह्याच्या गावी, येताना जाताना एसटी, आणि वहिनींचा एक दिवसाचा रोज बुडाला. तिथून दाखला आणला तर त्यावर सासऱ्यांचं नाव साधं आणि आधारवर नावापुढे 'राव' लावलेलं. बस, एवढ्या दोन अक्षरांवर अर्ज परत. टेबलावरचे म्हणाले दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून आणा. मी म्हटलं राज्यात बऱ्याच कामांना आता स्वयंघोषणापत्र चालतं ना, तर म्हणाले आमच्याकडे चालत नाही. वाद घालायची हिंमत मलाही झाली नाही कारण अर्ज त्यांच्याच हातात होता. त्या दिवशी वहिनी बाहेर येऊन पिंपळाच्या पारावर बसल्या, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, आणि मला म्हणाल्या, "ताई, माणूस गेला याच्यावर तरी विश्वास आहे का यांचा?" मला उत्तर सुचलं नाही.

वयाचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो त्यांच्या मूळ गावच्या शाळेत, मग तिकडे दीर गेले. बीपीएल दाखल्याला ग्रामसेवक दोनदा भेटले नाहीत, मीटिंगला गेले होते.

आणि बीपीएलच्या यादीबद्दल मला खरंच मनापासून बोलायचंय. आमच्याकडे ग्रामीण भागात ही यादी अजून २००२ च्या सर्व्हेची धरतात. तेव्हा १३ प्रश्नांवर गुण देऊन घरं ठरवली होती, घर कसलं, जमीन किती, अंगावर कपडे किती असले प्रश्न. वहिनींच्या सासऱ्यांचं नाव त्या यादीत होतं म्हणून निभावलं. पण आमच्याच आळीत एक घर आहे, नवरा-बायको दोघं २००२ नंतर गावात राहायला आले, आज त्यांची परिस्थिती वहिनींपेक्षा वाईट आहे आणि यादीत नाव नाही म्हणजे नाही. विशीत असताना केलेला सर्व्हे, आज चाळिशीतला माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला मदत द्यायची का नाही हे ठरवतोय. याच्यात कुठली तातडीची मदत आणि कुठली गरज ओळखणं, मला तरी कळत नाही.

सगळे कागद जुळवून अर्ज आत जायला तीन महिने गेले. पोचपावती मात्र आग्रहाने घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट, आमच्या पुढच्या सगळ्या चौकशा त्या एका चिठ्ठीवर झाल्या. त्यानंतर दर महिन्याला एकच उत्तर, "मंजूर झालंय, अनुदान आलं नाही." म्हणजे कागद पूर्ण झाले तरी वरून पैसे यायची वाट बघायची. तोपर्यंत घर कसं चालायचं, तर वहिनींनी बचत गटातून उचल घेतली, दुकानात उधारी केली, आणि मोठीची अकरावीची फी भरायला कानातलं मोडलं. पैसे आले तेव्हा अकरा महिने झाले होते, वर्षश्राद्धाची तयारी चालू होती. २० हजार खात्यात पडले आणि त्याच आठवड्यात गटाचे आणि दुकानाचे देऊन संपले. उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही, डोक्यावरचं कर्ज गेलं. पण हेच पैसे पहिल्या महिन्यात आले असते तर कानातलं राहिलं असतं आणि गटाचं व्याज वाचलं असतं.

आता ते दोन स्टार. एक आमच्या सेवा केंद्रातल्या पोराला. त्याने फॉर्म भरायचे ठरलेले तेवढेच पैसे घेतले, आणि मुख्य म्हणजे वहिनींचं खातं आधारला जोडलेलं आहे का हे आधीच बघितलं. जोडलेलं नव्हतंच, बँकेत जाऊन करून घेतलं, नाहीतर आणखी एक फेरी आणि आणखी काही महिने गेले असते. दुसरा स्टार तहसीलमधल्या एका क्लार्क मॅडमना. आम्ही चौथ्या फेरीला गेलो तेव्हा त्यांनीच वहिनींना खुर्ची दिली आणि विचारलं, निराधारचा अर्ज केला का हो? आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला दीड हजार मिळतात, उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत पाहिजे. टेबल तेच, माणसं तीच, तरी कागद पुन्हा सगळे नवीन झेरॉक्स काढून द्यावे लागले. पण त्यांनी विचारलं म्हणून तो अर्ज गेला, नाहीतर आम्ही नुसते २० हजारांच्या मागेच फिरत राहिलो असतो.

मला सारखं वाटतं की यातला बहुतेक प्रत्येक कागद सरकारकडे आधीच आहे. मृत्यूची नोंद कायद्याने २१ दिवसांत करायची असते, आधार सरकारचं, रेशनकार्ड सरकारचं, बीपीएलची यादी सरकारची. मग नोंद झाली की तिथेच तपासून घरी माणूस का पाठवत नाहीत, बाई, तुम्हाला हे दोन लाभ बसतात, इथे सही करा म्हणून? टोगो नावाचा आफ्रिकेतला छोटा देश आहे, तिथे २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनात नोविसी नावाची मदत सुरू केली. साध्या बटणांच्या फोनवरून एक कोड डायल करायचा, इंटरनेट लागत नाही, मतदार ओळखपत्राचा नंबर टाकायचा, बसत असाल तर पैसे फोनच्याच खात्यात. तिथल्या योजनेतूनही बरेच लोक सुटले असतील, पण रांगेत उभं न राहता आणि झेरॉक्स न काढता गरजेच्या वेळी पैसे पोचवता येतात एवढं तर त्यांनी करून दाखवलं.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या, आणि नोंद करतानाच नाव आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, दवाखान्यात घाईत कुणीतरी तोंडी सांगतं आणि तेच छापून येतं. अर्ज अडला तर नुसतं परत येऊ नका, काय कमी आहे ते कागदावर लिहून मागा.

अजून एक, हे मला फार उशिरा सुचलं. मयताचं पासबुक भरून आणा आणि एकेक ओळ बघा. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवन ज्योती विम्याची कपात, मृत्यू कसाही झाला तरी २ लाख. २० रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाताने मृत्यू झाला तर २ लाख. दोन्हीचा क्लेम ज्या बँकेत खातं आहे तिथेच करायचा, आणि लवकर करायचा.

वहिनींच्या मिस्टरांच्या पासबुकात आम्हाला २०२२ ची ४३६ ची ओळ सापडली. मी अक्षरशः धावत बँकेत गेले. २०२३ च्या मे अखेरीला खात्यात २१० रुपये होते, कपात झाली नाही, विमा बंद पडला. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. आता दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन खात्यात पाचशे रुपये ठेवा म्हणून सांगते, आणि माझ्यासोबत वहिनी येतात.