आठ पोर्टचा गिगाबिट स्विच: चांगला आहेच, पण केबलकडे आधी बघा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या डीटीपीच्या ऑफिसात आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारा डबा, वेग हजार एमबीपीएस) बसवला. चार पोर्ट पीओईचे, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारे. राउटर, चार कॉम्प्युटर, प्रिंटर, फायली ठेवायचा नॅस आणि दारावरचा कॅमेरा, सगळं त्यावरच. आता उन्हाळा लागला. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही; लाइट जाऊन आली की आपला आपण सुरू होतो. स्विचला पैकीच्या पैकी.

त्रास दिला तो केबलने. एका डिझायनरच्या मशीनवरून दोन जीबीची फ्लेक्सची फाइल नॅसवर जायला तीन मिनिटं लागायची, शेजारच्या मशीनवरून वीसेक सेकंद. इंटरनेट मात्र दोन्हीकडे सारखंच, कारण आमचं कनेक्शनच शंभर एमबीपीएसचं. शेवटी स्विचकडे नीट पाहिलं, तर त्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी पिवळा. आमच्या स्विचवर पिवळा म्हणजे शंभर एमबीपीएस. शंभरला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या जोडीतली एक तार प्लगमध्ये नीट बसलेली नव्हती, म्हणून लिंक गुपचूप शंभरावर उतरली होती. प्लग कापून नवा क्रिंप केला (दाबून बसवला), तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिवा लगेच हिरवा.

कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो रीस्टार्ट व्हायचा. केबल टाकणाऱ्याने ‘कॅट-६’ (केबलचा एक दर्जा) म्हणून दिलेली तार ब्लेडने खरवडली, तर आत पांढरट ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. हीच ती सीसीए (कॉपर-क्लॅड ॲल्युमिनियम). तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, त्यामुळे लांबवर वीज पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची केबल ओढली आणि कॅमेरा सुधारला. पीओईसाठी सीसीए घेऊच नका, दुकानदार कितीही सांगो.

गिगाबिटला चांगली कॅट-५ई शंभर मीटरपर्यंत पुरते. आम्ही कॅट-६ घेतली ती पुढे दहा गिगाबिटवर जायचं झालं तर पंचावन्न मीटरपर्यंत चालेल म्हणून. क्रॉस केबल (दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेली) शोधू नका, हल्लीचे स्विच स्वतःच जुळवून घेतात. भिंतीतून एकसंध तारेची केबल न्या, टेबलापाशी मऊ पॅच कॉर्ड वापरा.

एकच सांभाळा: एका केबलची दोन्ही टोकं चुकून याच स्विचमध्ये गेली, तर लूप होऊन, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहून, अख्खं ऑफिस ठप्प होतं. अनमॅनेज्ड (सेटिंग करता न येणारा) स्विच असल्याने तो अडवत नाही. आम्ही प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावली आहे.