कोलेस्टेरॉलची गोळी आणि जड झालेले पाय: सोडावी, बदलावी की डोस कमी करावा?

जिना चढताना मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, रोजचं चालणं निम्म्यावर येतं, आणि हे सगळं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू झाल्यानंतर. अशा वेळी बहुतेकांना दोनच वाटा दिसतात: त्रास सोसत गोळी चालू ठेवायची किंवा बंद करून टाकायची. या दोन टोकांच्या मधे बरेच चांगले पर्याय आहेत. त्यांतला कोणता घ्यायचा, हे दोन प्रश्नांवर ठरतं. त्रास खरोखर गोळीचाच आहे का? आणि गोळी नेमकी कशासाठी चालू आहे?

त्याआधी एक अपवाद. लघवी चहासारखी गडद झाली, स्नायू प्रचंड दुखू लागले किंवा पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर तुलना करत बसू नका. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासावं लागतं. स्नायू विरघळण्याचा हा प्रकार फार विरळा, वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होणारा. पण त्यात मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

त्रास गोळीचा की दुसऱ्या कशाचा?

स्टॅटिनचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि मोठ्या स्नायूंत जाणवतो: मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण ४ ते १२ आठवड्यांत तो दिसू लागतो. एकच गुडघा दुखत असेल तर दोष बहुधा सांध्याचा. चालताना पोटरी आवळते आणि थांबल्यावर काही मिनिटांत मोकळी होते, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तिथे स्टॅटिन सोडणं उलट घातक. पन्नाशीनंतर सकाळी खांदे आणि कंबर तासभर आखडलेली राहत असतील, तर ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. टीएसएच ही थायरॉइडची तपासणी तर प्रत्येकाचीच करायला हवी. थायरॉइड मंद असलं की कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात, आणि त्यात स्टॅटिनची भर पडली की त्रास दुणावतो.

आकडे काय सांगतात तेही समोर असू द्या. २०२२ साली १९ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. स्नायूंचं दुखणं किंवा अशक्तपणा स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के लोकांनी सांगितला आणि औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या २६.६ टक्के लोकांनीही. याचा अर्थ वेदना खोटी असा मुळीच नाही. वेदना खरी असते, कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. म्हणूनच अंदाजावर विसंबण्यापेक्षा पडताळणी करणं शहाणपणाचं.

पडताळणीची पद्धत सोपी आहे. हात छातीवर घडी घालून, हात नसलेल्या खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठा-बसा आणि वेळ मोजा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे असं समजतात. सीपीकेही करून घ्या, मात्र आधीचे दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम टाळा, नाहीतर आकडा उगाच चढलेला दिसतो. मग डॉक्टरांच्या संमतीने गोळी २ ते ४ आठवडे थांबवा आणि त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. फरक पडला तर गोळी परत सुरू करून त्रास परततो का ते बघायचं. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नेमका तोच निर्णायक असतो. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा स्टेंट बसवला असेल, तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. सीपीके नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दहापट चढला असेल, तर गोळी थांबवायचीच. तीच गोळी पुन्हा सुरू करून बघायची नाही.

पर्याय शेजारी शेजारी

डोस कमी करणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. म्हणजे ४० वरून २० मिलिग्रॅमवर आल्याने फायदा थोडाच जातो, स्नायूंवरचा भार मात्र बराच हलका होतो.

दुसरं स्टॅटिन घेण्याचा फायदा मुख्यतः औषधांच्या आपसातल्या झगड्यात दिसतो. सिम्वास्टॅटिन आणि काही प्रमाणात अटोर्वास्टॅटिन यकृतातल्या ज्या वाटेने निकामी होतात, तीच वाट क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही औषधं अडवतात. मग रक्तात स्टॅटिन साचतं आणि स्नायू दुखू लागतात. अशा वेळी रोसुवास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन बरं. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल, तर सिम्वास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको.

कमी डोसचं स्टॅटिन आणि जोडीला १० मिलिग्रॅम इझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी), ही जोडी आम्हाला सर्वांत समतोल वाटते. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम अधिक इझेटिमाइब घेणाऱ्या ७२ टक्के रुग्णांचं एलडीएल तीन वर्षांनी ७० च्या खाली होतं. नुसतं रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण ५८ टक्के होतं. त्रासामुळे औषध सोडणारे किंवा डोस कमी करणारेही जोडीच्या गटात कमी होते. इझेटिमाइब एकटं घेतलं तर एलडीएल १५ ते २० टक्केच उतरतं.

दिवसाआड गोळी हा पर्याय फक्त शरीरात लांब टिकणाऱ्या स्टॅटिनसाठी: रोसुवास्टॅटिन, अटोर्वास्टॅटिन. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवले की विसरायला होत नाही. एलडीएल उतरतं, पण या पद्धतीने हार्ट अटॅक टळतात हे स्वतंत्र चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

स्टॅटिन मुळीच सोसत नसेल तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड ही वेगळ्या प्रकारची गोळी, १८० मिलिग्रॅम. ते यकृतात गेल्यावरच सक्रिय होतं आणि स्नायूंत ते घडत नाही, म्हणून पाय वाचतात. एलडीएल सुमारे २० टक्के उतरतं, हृदयाच्या गंभीर घटना १३ टक्के कमी झाल्याचं २०२३ मध्ये दिसलं. मात्र गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी), पित्ताशयातले खडे किंवा स्नायुबंध तुटल्याचा इतिहास असेल तर सावध राहा. इव्होलोक्युमॅब, अलिरोक्युमॅब ही दर दोन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं एलडीएल ५० ते ६० टक्के खाली आणतात. इन्क्लिसिरॅन या इंजेक्शनाचे पहिले दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने आणि मग सहा महिन्यांनी एकदा. ताकद जबरदस्त, खर्चही तसाच.

स्नायूंसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या को-एन्झाइम क्यू-१० या पूरक गोळीवर पैसे घालण्याइतका सातत्याने फायदा चाचण्यांत दिसलेला नाही.

निवड कुणी काय करावी?

अटॅक, स्ट्रोक किंवा स्टेंट झालेल्यांनी गोळीविना जाणारा काळ शक्य तितका कमी ठेवावा आणि आधी कमी डोस अधिक इझेटिमाइब बघावं. हृदयविकार नसलेल्या, एकूण धोका कमी असलेल्या व्यक्तीला गोळी थांबवून शांतपणे बघायला, अगदी महिना-दोन महिने जाऊ द्यायलाही हरकत नसते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पडण्याची भीती असलेल्या माणसाच्या बाबतीत चालणं टिकवण्याला आम्ही एलडीएलच्या शेवटच्या दहा अंकांपेक्षा जास्त वजन देऊ.

बदल कोणताही केला तरी ४ ते १२ आठवड्यांत एलडीएल आणि खुर्चीवरची वेळ दोन्ही पुन्हा मोजा. गोळी बंद करून दोन महिने झाले, तरी उठणं-बसणं अवघडच आहे आणि सीपीके हजारोंत आहे, तर एचएमजीसीआर (स्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवतं ते) विरोधी प्रतिपिंडांची तपासणी मागा. क्वचित रोगप्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते. मग स्टॅटिन कायमचं बंद करावं लागतं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वेळेवर सुरू व्हावी लागतात.