आडनावाऐवजी शेतवाडी: नॉर्वेच्या ‘डिजिटालआर्किव्हेट’ सेवेचे परीक्षण

नॉर्वेतील पूर्वज शोधताना पहिली अडचण आडनावाची येते, कारण १९२३ च्या कायद्याने कायमचे आडनाव बंधनकारक होईपर्यंत तेथील शेतकरी कुटुंबांना ते बहुधा नसेच. ‘ऊले हान्सेन हाउगेन’ याचा अर्थ हान्सचा मुलगा ऊले, हाउगेन या शेतवाडीवर राहणारा. तो दुसऱ्या वाडीवर गेला की नावाचा शेवटचा भागही बदलत असे. त्यामुळे माणसाआधी त्याची वाडी सापडावी लागते. एका परिचित कुटुंबासाठी हे काम करताना मी नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘डिजिटालआर्किव्हेट’ ही विनामूल्य सेवा वापरली.

१८०१, १८६५, १८७५, १९०० आणि १९१० या वर्षांच्या जनगणना तेथे नावाप्रमाणेच वस्तीच्या नावानेही शोधता येतात आणि चर्चच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्यांची छायाचित्रे पाहता येतात. मात्र हाउगेन, बाकेन, बेर्ग अशी नावे देशभर असंख्य वाड्यांना आहेत. सुरुवातीला मी केवळ नाव जुळले म्हणून भलत्याच परगण्यातील (म्हणजे दुसऱ्याच चर्चच्या हद्दीतील) कुटुंब खरे मानले आणि त्यात कित्येक आठवडे गेले.

या गोंधळातून सोडवतो तो जमीनमहसुलाचा क्रमांक, म्हणजे महसूलनोंदीत वाडीला दिलेला क्रमांक. १८६५ आणि १८७५ च्या जनगणनांत १८३८ च्या महसूलनोंदीचे जुने क्रमांक येतात, तर १९०० च्या जनगणनेत १८८६ च्या नोंदीचे नवे. १८८६ च्या नोंदीत जुने व नवे दोन्ही क्रमांक दिलेले असल्याने तिच्या आधारे एकाच वाडीचा माग पुढे-मागे नेता येतो. नावाचे लेखन कितीही बदलले तरी (१९१७ च्या शुद्धलेखन सुधारणेत ‘aa’ या अक्षरजोडीची जागा ‘å’ (उच्चार ‘ऑ’) या नव्या अक्षराने घेतली) क्रमांक दिशाभूल करत नाही. माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाची माहिती हीच आहे, आणि नवखा शोधकर्ता नेमकी तीच ओलांडून पुढे जातो.

जुने लेखन पडताळण्यासाठी जोडीला ऊलुफ रीग यांचा १८९७ पासून खंडशः निघालेला शेतवाडीनावांचा कोश हवाच. ऑस्लो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे तो संगणकावर शोधता येतो. प्रत्येक नावाचा स्थानिक उच्चार, वर्षांसह जुनी रूपे आणि व्युत्पत्ती त्यात मिळते. एखाद्या नावाचे मध्ययुगीन रूप समोर आले की त्या जमिनीशी जडलेल्या माणसांविषयी मनात विलक्षण आपुलकी दाटून येते.

प्रांतांची नावेही बदललेली आहेत: जुन्या कागदांतील ‘सॉन्द्रे बेर्गेनहूस’ १९१९ मध्ये ‘हूर्दालान’ झाले आणि २०२० मध्ये ‘वेस्तलान’मध्ये विलीन झाले. म्हणून शोधताना प्रांतापेक्षा चर्चच्या परगण्यावर भर द्यावा.

ज्यांचे पूर्वज कुळे होते त्यांचा मार्ग अधिक खडतर आहे. मोठ्या वाडीच्या कडेला ज्या तुकड्यावर कूळ राही, त्याचे नाव महसूलनोंदीत आणि रीग यांच्या कोशात बहुधा नसते. ते चर्चच्या नोंदवहीत एखाद्या बारशाच्या ओळीत सापडते, आणि जुनी गॉथिक लिपी वाचायला शिकल्याशिवाय ती ओळ हाती लागत नाही.