पाच चोकचा संच घेतला, कामाचे तीनच

सदर भागातल्या एका दुकानातून बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी पाच चोकचा (नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायच्या छोट्या नळकांड्यांचा) संच घेतला. दुकानदार म्हणाला, "फुलच लावत जा भाऊ, लांब जाते." लांब-बिंब काही जात नाही. चोक नळीचं तोंड आवळतो, छर्रे उशिरा पसरतात, एवढंच. नळी आतून साधारण १८.५ मिमी अन् फुल, म्हणजे सगळ्यात आवळ चोकची आवळण जेमतेम १ मिमी, पण फरक जबर पडतो.

घरी नव्या कूलरचा खोका पडला होता. तो कापून रेंजवर नेला, ३६ मीटरवर उभा केला. ७६ सेंमीच्या वर्तुळात फुलनं सुमारे ७० टक्के छर्रे यायला हवेत, त्याहून सैल मॉडिफाइडनं ६०. दोन्ही ठीक निघाले. मोजता मोजता चहा मात्र गार झाला.

स्कीटचा (जवळून उडणाऱ्या तबकड्या फोडायच्या खेळाचा) चोक सगळ्यात आवडला. वीसेक मीटरवर तबकडीचा भुगा. तिथं फुल लावला की छर्ऱ्यांचा झुबका फारच आटोपशीर, नेम जरा हुकला की गेलंच. ट्रॅपला (यात तबकड्या नेमबाजापासून लांब उडत जातात) मात्र मॉडिफाइड किंवा फुल. (शिकारीसाठी कोणता, हे विचारू नका बावा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.)

तक्रार एक. सिलिंडर (अजिबात न आवळणारा) चोक आट्यांत पूर्ण बसेना, कडा केसभर बाहेर. दुकानदार म्हणे, घासून घ्या. अजिबात घासू नका! बदलून घ्यायला तीन चकरा झाल्या, त्याही मे महिन्यात.