पिनवाला सिलिकॉन लायनर, वापरून सांगतोय
गुडघ्याखालच्या कृत्रिम पायासाठी हा लायनर (स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर, घालायचं मऊ आवरण) घेतला आणि खरंच भारी आहे, सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात) घट्ट बसतो, चालताना पाय वर-खाली होत नाही. फक्त घालायचा नीट, मोज्यासारखा ओढायचा नाही, पूर्ण उलटा करून तळ स्टंपच्या टोकाला टेकवायचा आणि मग वर गुंडाळत न्यायचा, टोकाशी हवा राहिली की तिथे फोड येऊ शकतो, लायनरच्या टोकाची पिन तिरकी बसली तर ती ज्यात अडकते ते सॉकेटमधलं लॉक नीट लागत नाही. नखं कापलेली ठेवा प्लीज, लायनरला चीर पडते. घाम मात्र भरपूर येतो, हा मोठा मायनस. रोज रात्री सौम्य साबणाने आतून धुवायचा, साबण राहिला तर खाज सुटते, आणि स्टँडवर सावलीतच वाळवायचा. संध्याकाळी स्टंप बारीक होऊन सॉकेट ढिलं वाटलं की लायनरवरून एक मोजा वाढवतो, पिनसाठी भोक असलेला.